दक्षिणेला दार

"दक्षिणेला तोंड आहे," सासूबाई गाडीतून उतरायच्या आधीच म्हणाल्या.

डोना दारात किल्ली घेऊन हसत उभी होती. ही आमची एजंट, घरं दाखवणारी. साठीची, उंच, पायांत पांढरेशुभ्र बूट. कुठल्याही घरात शिरली की आधी स्वयंपाकघरातले सगळे दिवे लावायची. तुझ्या सासूबाई काय म्हणतायत, असं तिनं मला विचारलं. मी सांगितलं, त्यांना अंगणातलं झाड आवडलं.

"आई, निदान आत तरी चला."

"आत जाऊन दार फिरणार आहे होय गं?"

तरी उतरल्या. सुती पातळ, वर विश्वजितचा जुना स्वेटर, पायांत माझे धावायचे बूट. सगळ्या खोल्यांतून फिरल्या, भिंत ठोकून पाहिली, ती पोकळ वाजली म्हणून नाक मुरडलं, आणि बाहेर येऊन पुन्हा तेच. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. असल्या घरात माणसं टिकत नाहीत.

त्या वाक्यावर विश्वजित, माझा नवरा, हिरवळीकडे बघत राहिला. मी गाडीत जाऊन बसले. आमच्या अपार्टमेंटाचं दार चांगलं पूर्वेला होतं. तिथं तरी कुठं टिकलं होतं माणूस?

एप्रिलमध्ये आम्हाला मुलगी झाली होती, दिवस भरायच्या कितीतरी आधी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. ऑपरेशननंतर मी तापात होते. काचेच्या पेटीतल्या तिला मी एकदाच पाहिलं, तिच्या तळव्यावर बोट टेकवलं, आणि मला परत खाटेवर नेलं. मी घरी आले तोवर सगळं उरकलेलं होतं. "सगळं नीट झालं," एवढंच विश्वजित म्हणाला. मी पुढं विचारलं नाही. या देशात जसं सगळ्यांचं करतात तसं इस्पितळानं काहीतरी केलं असेल, असं मी धरून चालले. विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं.

सासूबाई बाळंतपणासाठीच तासगावहून ओहायोत आल्या होत्या. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेलेली, त्यामुळे डिंक, अळीव, झबली-टोपडी, जुन्या पातळांची मऊ दुपटी असं सगळं त्यांनीच बॅगेत भरून आणलं. परतीचं तिकीट सप्टेंबरचं. बाळ नव्हतं तरी त्यांनी बाळंतपण केलं. अंग शेकलं, डिंकाचे लाडू समोर बसून खायला घातले. मला दूध आलं तेव्हा मी भेदरून गेले. पिणारं नाही आणि हे आपलं येतंय. सासूबाईंनी त्यांचं एक पातळ फाडलं आणि माझी छाती घट्ट बांधली.

मला त्या अपार्टमेंटातून बाहेर पडायचं होतं. त्या उन्हाळ्यात मला दुसरं काहीही नको होतं. तिसरा मजला, दोन झोपायच्या खोल्या. त्यातली एक सासूबाईंची, आणि तिथं भिंतीला टेकून पाळण्याचा खोका न उघडलेला उभा. खालच्या मजल्यावर एक तान्हं मूल होतं, त्याचं रडणं जमिनीतून वर यायचं. खाली पत्रपेट्यांपाशी गेलं की कुणी ना कुणी बाई आधी माझ्या पोटाकडे बघायची आणि मग तोंडाकडे. आणखी काही दिवस इथं राहिले तर मला वेड लागेल, हे मी विश्वजितला स्पष्ट सांगितलं होतं.

तसंही त्या संकुलात कायमचं कुणीच राहत नसे. आपली माणसं भारतातून यायची, तिथल्या तपकिरी इमारतींत दोन-तीन वर्षं काढायची, आणि मग गावाबाहेर मक्याची शेतं विकून ज्या नव्या वसाहती उठत होत्या त्यांत घर घ्यायची. अपार्टमेंट म्हणजे धर्मशाळा, असं माझी मैत्रीण नंदिनी भागवत म्हणे. तिनं स्वतः आदल्या वर्षीच घर घेतलं होतं आणि डोनाही तिनंच गाठून दिली. डोनानं अर्ध्या महाराष्ट्र मंडळाला घरं घेऊन दिली होती. तिच्या पर्समध्ये होकायंत्र असे. आमची माणसं नळ उघडून बघायच्या आधी दिशा बघतात, हे तिला पाठ झालं होतं.

पण सासूबाईंपुढे डोनानंही हात टेकले. दक्षिणेचं घर गेलं. उत्तरेचं एक मिळालं, तर दार उघडलं की समोर जिना. लक्ष्मी आली तशी पायऱ्या उतरून निघून जाते म्हणे. तिसऱ्यात ईशान्येला संडास. चौथं मला फार आवडलं होतं, मागं ओढा होता, पण समोरचा रस्ता नेमका दारावर येऊन आदळत होता. पाचव्याला काहीच सापडेना, तेव्हा त्या म्हणाल्या, या घरात आल्यापासून माझं डोकं धरलंय.

गंमत म्हणजे तासगावात त्यांनी कधी असलं काही मानलेलं मला आठवत नव्हतं. लग्नानंतर मी त्या घरात महिनाभर राहिले होते. एका संध्याकाळी जेवताना विश्वजितच म्हणाला, "आई, आपलं तासगावचं घर दक्षिणेलाच तोंड करून आहे की."

"म्हणून तर सांगते," त्या म्हणाल्या आणि त्याच्या पानात भाकरी वाढली.

त्याला मात्र घाई दिसत नव्हती. आई गेल्यावर निवांत बघूया का, असं तो एकदा चाचरत म्हणाला. मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. बायकोचं मन मोडलं तरी चालेल, आईचा शब्द मोडवत नाही, अशातला हा गडी, असं मी नंदिनीला फोनवर सांगितलंसुद्धा. नंदिनी म्हणाली, सगळ्या सासवा सारख्याच, सहा महिने येतात आणि सहा वर्षांचं करून जातात.

सासूबाईंचा दिनक्रम ठरलेला होता. सकाळी अंघोळ, देवाला फूल, आणि मग फिरायला. संकुलातल्या सगळ्याच आयाबाया फिरायच्या. साडी, स्वेटर, बूट, हातात काठी, गाड्या उभ्या करायच्या जागेला चकरा. आमच्या सासूबाई मात्र चकरा मारत नसत, थेट मागच्या बाजूनं शेताच्या बांधावर जात. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला होती. तिच्यातून मक्याचं शेत दिसे आणि त्यापलीकडं पाइनची चार झाडं. जाताना त्या फिरकीच्या झाकणाच्या एका स्टीलच्या डबीत दूध घेऊन जात. मी विचारलं तर म्हणाल्या, तिकडं एक मांजर आहे, नुसतं हाडांचा सापळा झालंय. भटक्या मांजरांना खायला घालायला संकुलाची बंदी होती, ते मी सांगितलं. "चालतंय की, कोण बघतंय," म्हणाल्या.

जुलैत मका उंच झाला. बघता बघता माणूस बुडेल एवढा, पाइनचे बुंधे त्यामागं दिसेनासे झाले. एका सकाळी मी चहा करायला उठले तर सासूबाई खिडकीपाशी चवड्यांवर उभ्या राहून बाहेर बघत होत्या.

"हा कधी कापतात गं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ऑक्टोबरात वगैरे.

"मुडदा बशिवला त्याचा," त्या मक्याला म्हणाल्या. शेतकऱ्याच्या घरातली बाई उभ्या पिकाला शिव्या देते, याचं मला हसू आलं. त्या महिन्यात मला कशाचं हसू आल्याचं तेवढंच आठवतं.

ऑगस्टमध्ये डोनाचा फोन आला तेव्हा तिचा आवाज नाचत होता. महामार्गाच्या पलीकडं नवी वसाहत होत होती, फॉक्स मेडोज नावाची. मी अर्थ सांगितला तशा सासूबाई म्हणाल्या, आता कोल्ह्यांच्या कुरणात राहायला जायचं का? पण गाडीत बसल्या. शनिवारची सकाळ होती. वसाहतीत अजून रस्ते नि दिव्याचे खांबच जास्त होते. घरं थोडी, बाकी नुसत्या खुणेच्या खुंट्या मारलेले प्लॉट. वसाहतीच्या तोंडाशी एक सजवलेलं नमुन्याचं घर. आपलं घर हुबेहूब असं होणार, हे गिऱ्हाइकाला दाखवायला बांधलेलं. डोनानं आमच्यासाठी एक प्लॉट राखून ठेवायला सांगितला होता. तिनं होकायंत्र तळहातावर धरलं आणि चक्क मराठीत म्हणाली, "पूर्व."

आम्ही नमुन्याच्या घरात शिरलो. सासूबाई पुढं, त्यांच्यामागं मी, परीक्षेचा निकाल ऐकायला निघाल्यासारखी. दारासमोर जिना नव्हता. शेगडी आग्नेयेला. ईशान्येला एक छोटी खोली, अगदी देवघराजोगी. रस्ता कुठं आदळत नव्हता. सगळं घर खोटं खोटं सजवलेलं, पुठ्ठ्याचा टीव्ही, स्वयंपाकघरात परडीभर प्लास्टिकची लिंबं. माडीवर एका खोलीत गुलाबी पडदे होते आणि पाळणा मांडला होता, त्यात कापडी ससा. मी उंबऱ्यावरूनच मागं फिरले. पण तरी मला ते घर हवं होतं. त्या खोलीत आपण कपडे वाळत घालू, असं मी जिन्यातच ठरवून टाकलं.

सासूबाई खाली ओट्यापाशी उभ्या होत्या. बराच वेळ त्यांनी एकही खोट काढली नाही. मला वाटलं, सुटलो.

"हिला विचार," त्या म्हणाल्या, "इथनं आपल्या अपार्टमेंटला चालत जाता येतंय का?"

मी विचारलं. डोनाला तो विनोद वाटला. मध्ये महामार्ग आहे, म्हणाली, पुलावर पायी चालायला जागा नाही, पण गाडीनं दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मी ते मराठीत सांगितलं.

"आणि बस?"

बस नव्हती. तेही मी सांगितलं.

"मग नको हे घर."

माझं डोकं सणकलं. इतके दिवस मी त्यांच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं. त्यांनी माझं सगळं केलं होतं आणि त्याची मला जाणीव होती. पण आता मला ऐकू गेलं ते एवढंच, की ही बाई मला त्या घरातून सुटू देणार नाही.

"आई, दार पूर्वेला आहे. शेगडी तुमच्या मनासारखी आहे. आता काय खोट राहिली?"

"खोट काय नाही. झ्याक घर आहे."

"मग?"

"सप्टेंबरपर्यंत थांबा. मी गेले की घ्या कुठलंबी. दक्षिणेचं घ्या, काय होत नाही. आमचं नाही का तासगावात."

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मला रोज जावं लागतंय," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबनं कशी जाऊ?"

"कुठं जावं लागतं? त्या मांजराकडे?"

त्यांनी विश्वजितकडे पाहिलं. तो परडीतली लिंबं उगीच नीट लावत होता.

"विशू, सांग हिला. माझ्याच्यानं आता धरवत नाही."

"आई, इथं नको," तो म्हणाला. हातातलं लिंबू त्यानं परडीत ठेवलं, पुन्हा उचललं, आणि ते तसंच घेऊन गॅरेजच्या दारानं बाहेर निघून गेला.

"मांजर नाही तिथं," सासूबाई म्हणाल्या. "आपली पोरगी आहे. त्या चार झाडांखाली."

डोना आमच्याकडे पाठ करून दिवे मालवत होती. शब्द कळले नसले तरी आवाजावरून तिला काहीतरी कळलं असावं. ती हळूच पुढच्या दारातून बाहेर गेली.

मग सासूबाईंनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. दात न आलेल्या लेकराला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. इथले लोक विश्वजितला दहनाचं विचारत होते, तेव्हा त्यांनीच हट्ट धरला होता. तो म्हणाला, सुनीतीला, म्हणजे मला, यातलं काही सांगायचं नाही, ती आधीच निम्मी झाली आहे. त्यांनी त्याला तसा शब्द दिला. शेतापलीकडं गावाची छोटी दफनभूमी होती, तिथं जागा मिळाली. तिसऱ्या दिवशी त्या दोघांनी जाऊन दूध घातलं. एवढीच रीत असते, पुढं काही करायचं नसतं.

"मग परत का गेलात?"

"त्या दिवशी घरी आले तर तू निजली होतीस. बांधलेलं पातळ सगळं भिजलं होतं. लेकराच्या तोंडचं दूध मी माझ्या हातानं बांधलं गं. ते उपाशी गेलं. मला जेवण जाईना. मग म्हटलं, निदान डब्यातलं तरी नेऊन घालू. रोज घालायचं माझं मीच काढलं. शास्त्रात नाही ते."

मी त्या चकचकीत ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. मला विश्वजितचा राग आला, त्यांचा आला, आणि स्वतःचाही आला. तो सगळा राग एकदम कुठंतरी वाहून गेला आणि उरलं ते एवढंच, की ती कुठंतरी आहे. मी तिला नाहीशीच समजत होते. ती आमच्या खिडकीतून दिसत होती.

बाहेर डोना गाडीला टेकून उभी होती. तिनं घाबरत विचारलं, होकायंत्र चुकलं का? मी म्हटलं, हो, दिशा जराशी चुकली. ती म्हणाली, काही हरकत नाही, आपण शोधत राहू.

आम्ही तिथून सरळ दफनभूमीतच गेलो. कंबरभर उंचीचं लोखंडी फाटक, आत हिरवळ, जुने कलंडलेले दगड, कुठं कुठं प्लास्टिकची फुलं. तिन्ही बाजूंना मका. विश्वजित फाटकापाशीच थांबला. सासूबाई पुढं झाल्या. बोर्ड वाचता येत नसलेली ती बाई त्या दगडांतून तासगावच्या पेठेतून चालावी तशी न अडखळता चालत होती.

एका कोपऱ्यात लहान मुलांची जागा होती. एका जुन्या दगडावर झोपलेलं कोकरू कोरलेलं, पावसानं त्याचं नाक झिजलेलं. "ह्या कोकराच्या शेजारची आपली," त्या म्हणाल्या. गवतात तळहाताएवढी धातूची पाटी होती, तिच्यावर इंग्रजीत 'बेबी गर्ल मोहिते' आणि खाली तारीख. पाटीच्या कडेनं मुंग्यांची रांग लागली होती. त्या सकाळचं दूध घालून झालेलं होतं.

मी खाली बसले. माती कोमट होती. मी तिच्यावर हात ठेवला आणि रडले. घरी आल्यापासून मी रडलेच नव्हते, हे मला तेव्हा कळलं. सासूबाई शेजारी बसून मुंग्या बघत राहिल्या. त्यांनी मला उगी उगी म्हटलं नाही.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "तुम्ही काय म्हणून हाक मारता तिला?"

"बाळ म्हणते."

"नाव नाही ठेवलं?"

"ठेवलंय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाराव्या दिवशी विशूला उज्ज्वलाला फोन लावायला लावला. फोन इथं, ह्या पाटीपाशी ठेवला. आत्यानं कानात नाव घ्यायचं असतं, ते तिनं तिकडनं घेतलं."

उज्ज्वलाताई म्हणजे विश्वजितची मोठी बहीण, सांगलीची. मी विचारलं, काय नाव घेतलं?

"मला ठाऊक नाही. मी लांब उभी राहिले, विशूलाबी लांब केलं. आईला कळायच्या आधी आम्ही कोण ऐकणार?"

मी पर्समधून फोन काढला. सांगलीत तेव्हा जेवणाची वेळ असेल. उज्ज्वलाताईंनी लगेच उचलला, मागं भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, ताई, मी तिच्यापाशी बसले आहे. भांडी थांबली. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"नाव सांगा," मी म्हटलं.

त्यांनी नुसतं सांगितलं नाही. पाळण्यावर वाकून करतात तसं आधी कुर्रर्र केलं, माझ्या कानात, आणि मग म्हणाल्या, "जुई."

एवढंसं नाव. तेवढीच होती ती. मी एकदा पुटपुटून पाहिलं. मग फाटकापाशी उभ्या असलेल्या तिच्या बापाला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं घेतलं, अंगणात खेळणाऱ्या पोरीला जेवायला बोलावतात तसं. विश्वजितनं मान वर केली. तो दगडांमधून वाट काढत आला आणि माझ्याजवळ गवतावर बसला. त्याच्या हातात ते प्लास्टिकचं लिंबू तसंच होतं. सासूबाईंनी पदर तोंडात धरला होता.

सप्टेंबरात त्या गेल्या. विमानतळावर त्यांनी ती फिरकीची डबी माझ्या हातात दिली, म्हणाल्या, तासगावात मला लागत नाही. पुढच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले आणि परत येणं काही जमलं नाही. दर रविवारी फोनवर तब्येत, पाऊस, भाजीपाला सगळं बोलून झालं की शेवटी हलकेच विचारायच्या, "घातलंस?" मी म्हणायचे, घातलं. हिवाळ्यात बर्फावर दूध दिसायचंसुद्धा नाही, तरी घालत होते.

आम्ही घर घेतलं नाही. सगळे घेत होते. आमच्यानंतर आलेलेही घेऊन गेले. इमारतींचा तपकिरी रंग जाऊन करडा आला, मालक बदलले, संकुलाचं नाव बदललं, आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरच. दुसरं मूल व्हावं असं आम्हाला वाटलं, ते झालं नाही. नंदिनी भेटली की खोदून विचारायची, अगं तुम्ही घर का घेत नाही? मी सांगायचे, पूर्वेचं मिळत नाही. तिला ते पटायचं. डोनालाही पटायचं. सासूबाई दिशांच्या बाबतीत किती कडक, हे त्या दोघींनी इतक्या जणांना सांगितलं होतं की आमचं घर न घेणं हे मंडळात सासूबाईंच्याच नावावर जमा झालं. मी कुणाला दुरुस्त केलं नाही.

एका दिवाळीच्या आधी सासूबाई झोपेतच गेल्या. विश्वजित जाऊन आला. दफनभूमीत सकाळी कुणीतरी जायला हवं म्हणून मी इथंच राहिले. लोकांना काय सांगायचं ते मी त्याच्यावर सोडलं.

त्यानंतरच्या वसंतात मागच्या शेतात पेरणी झाली नाही. एक दिवस खुंट्या दिसल्या, मग पिवळी यंत्रं आली, मग बोर्ड. मका गेला आणि खिडकीतून चार झाडं पार बुंध्यापर्यंत लख्ख दिसायला लागली. सासूबाईंनी ते बघायला हवं होतं. डोना तेव्हा निवृत्तीला आली होती. तिनं फोन केला तो माफी मागतच. तुमच्या अगदी मागं घरं होतायत, म्हणाली, पण तुम्हाला दाखवण्यासारखं एकही नाही. शेवटची ओळ स्वस्तात चालली आहे, पण तिची दारं सरळ दक्षिणेला आहेत आणि मागच्या अंगणाला लागून दफनभूमी. भारतीय गिऱ्हाईक तिकडं फिरकत नाही.

"किल्ली कधी मिळेल?" मी विचारलं.

गृहप्रवेशाला नंदिनी आली. पुढच्या दारापाशीच थबकली, सूर्याकडे पाहिलं, मग मागच्या खिडकीतून बाहेर पाहिलं आणि माझा दंड धरला. मी नव्या शेगडीवर दूध ठेवलं होतं, उतू घालवायला.

"सुनीती, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? दक्षिणेचं दार, आणि मागं हे. तुझ्या सासूबाई असत्या तर त्यांनी हे घर घेऊ दिलं असतं का?"

"नाही गं," मी म्हटलं. "फार कडक होत्या त्या."

दूध वर आलं, पातेल्याच्या काठावरून ओघळलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी गॅस बंद केला. वाट्या भरायच्या आधी त्यातलं थोडं डबीत घेतलं, निवेपर्यंत ओट्यावर ठेवलं, आणि मागचं दार उघडलं.